शेठ वालचंद हिराचंद : कर्तृत्वाचे शिखर आणि शिखरावरील एकटेपण

नाशिक जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात दोन स्थळे अशी आहेत, की ज्यांचे धागे एकाच पुरुषाच्या कर्तृत्वापर्यंत जाऊन पोहोचतात. पहिले स्थळ मालेगाव तालुक्यातील रावळगाव. मांगीतुंगीच्या यात्रेस निघालेल्या आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना मालेगाव-सटाणा भागातील हे नाव साखर कारखान्यामुळे परिचयाचे होते, आणि लहान मुलांना ते रंगीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांमुळे. दुसरे स्थळ ओझर. तेथे १९६४ नंतर मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. तो उभारणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचे मूळ बंगळूर येथे १९४० साली स्थापन झालेल्या एका खासगी कंपनीत आहे. रावळगावचा ऊस आणि बंगळूरचे विमान या दोहोंमागे उभे असलेले पुरुष म्हणजे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

शेठजींची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत स्वदेशी उद्योगाचा पाया घालणारे म्हणून त्यांचा गौरव अनेकदा झाला आहे आणि तो यथार्थच आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्यांच्या चरित्राकडे थोड्या निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. अलीकडे मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांसाठी एक्झिक्युटिव्ह कोच नेमण्याची पद्धत रूढ झाली आहे. हा मार्गदर्शक धंदा शिकवीत नाही. प्रमुखाने घेतलेल्या निर्णयामागे त्याचा राग किती, अहंकार किती आणि विचार किती, हे तो त्याला एकांतात तपासून पाहावयास लावतो. कारण उघड आहे. हाताखालचा मनुष्य खरे बोलण्यास कचरतो, भागीदाराचा स्वार्थ गुंतलेला असतो, घरच्यांना तपशील सांगता येत नाही, आणि म्हणून सर्वांत वर बसलेला मनुष्य सर्वांत एकटा असतो. आपल्या जुन्या पेढ्यांत हे काम वयोवृद्ध मुनीम करीत असे. शेठ उतावीळ झाले की वही पुढे सरकवून गप्प बसणारा मुनीम ज्या पेढीला लाभला ती पेढी टिकली. वालचंदशेठजींच्या आयुष्यात असा मुनीम कोण होता, आणि जेथे कोणीच नव्हते तेथे त्यांनी काय केले, हा प्रश्न आमच्या मते त्यांच्या कारखान्यांच्या यादीपेक्षा अधिक उद्बोधक आहे.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, गुजराती भाषिक, दिगंबर जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातोश्री राजूबाई निवर्तल्या. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे नुसते व्यापारी नव्हते. धर्मग्रंथांचा अभ्यास, समाजसुधारणेची तळमळ आणि ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे कार्य यांमुळे दक्षिणेतील जैन समाजात त्यांचे स्थान आदराचे होते. अशा वडिलांच्या छायेत वाढणे हे भाग्य खरे, परंतु ते ओझेही असते. मुलाने पेढी सांभाळावी, चार पैसे गाठीस बांधावे आणि नाव राखावे, एवढीच अशा घराची अपेक्षा. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून १८९९ साली मॅट्रिक झाल्यावर वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी पदरात न पडताच घरी परतले. आरंभीच्या व्यापारात त्यांना खोटही सोसावी लागली. वयाच्या विशी-एकविशीत त्यांच्या खात्यावर अपुरे शिक्षण आणि बुडीत रक्कम एवढेच जमा होते.

येथे त्यांना पहिला मुनीम भेटला, आणि तो पेढीवरचा नव्हता. लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. पैसा नाही, प्रतिष्ठा नाही, मात्र रेल्वेच्या कामाची बारीकसारीक माहिती मुखोद्गत. मातीकामाचा दर कसा बसवावा, मुरूम कोठून आणावा, साहेबाकडून बिल केव्हा मंजूर होते, मुकादमाला उचल किती द्यावी आणि हजेरीपटात खोटी नावे कशी शिरतात, हे सारे त्यांना ठाऊक. सावकाराचा पदवीहीन मुलगा आणि नोकरी सोडलेला ब्राह्मण कारकून, अशी ही जोडी. बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा टप्प्याचे काम त्यांनी प्रथम घेतले.

ठेकेदारीचा धंदा माणसाचा स्वभाव फार लवकर उघडा पाडतो. टेंडर भरताना अनामत ठेवावी लागते, मजुरांना आठवड्याच्या आठवड्याला पैसे मोजावे लागतात, आणि सरकारी बिलाची रक्कम मात्र महिनोन्महिने लांबते. या मधल्या काळात ज्याचा धीर सुटतो तो हलके काम करून पैसे वाचवितो आणि पुढच्या कामास मुकतो. वालचंदांची वृत्ती झेप घेण्याची, फाटकांची दृष्टी जमिनीवर खिळलेली. एकाने पुढचे मोठे काम पाहावे आणि दुसऱ्याने हातातले काम पुरे होते की नाही ते पाहावे, असा हा मेळ जमला. शेठजींच्या पुढील सर्व यशाची गुरुकिल्ली येथेच आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आपल्यात काय उणे आहे हे ओळखून ते ज्याच्यापाशी आहे अशा माणसाला नोकर न करता भागीदार करणे, यास मन मोठे लागते. फाटक-वालचंद ही पेढी त्या काळच्या महाराष्ट्रात म्हणूनच नावारूपास आली.

पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीशी संबंध जुळला, १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटाचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईस पाणी आणणारी नळवाहिनी, ब्रह्मदेशात इरावतीवरील पूल, अशी कामे या काळातील होत. त्यांचा तपशील अन्यत्र विपुल उपलब्ध असल्याने येथे विस्तार करीत नाही.

शेठजींच्या नेतृत्वाची खरी परीक्षा समुद्रावर झाली. दिल्लीहून मुंबईस येताना आगगाडीच्या प्रवासात त्यांना समजले की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले आहे. हे जहाज मूळचे कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाचे, १८९० च्या सुमारास बांधलेले. महायुद्धात महाराजांनी ते रुग्णालय-जहाज म्हणून वापरावयास दिले होते. म्हणजे जहाज जवळजवळ तीस वर्षांचे जुने आणि घेणाऱ्यास जहाजधंद्याचा अनुभव शून्य. तरीही शेठजींनी ते घेण्याचे ठरविले. गिरणीमालक नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मातब्बर सहकाऱ्यांसह २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. शेठजी स्वतः त्या जहाजावर होते. हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

दिवस साजरा होतो, परंतु त्या जहाजाचे पुढे काय झाले हे फारसे सांगितले जात नाही. जुनाट ‘लॉयल्टी’ने कंपनीला फायदा मिळवून दिला नाही, आणि १९२३ साली ते मोडीत विकावे लागले. युद्धानंतरच्या तेजीत चढ्या भावाने घेतलेल्या जहाजांच्या किमती मंदीत कोसळल्या, ते संकट निराळेच. या व्यवहाराला निव्वळ दूरदृष्टी म्हणणे हे भाबडेपणाचे होईल. त्यात उतावीळपणाही होता. आगगाडीत कळलेल्या बातमीवरून जहाज घेणारा मनुष्य आणि जन्मभर एकाही जहाजाचा विचार न करणारे शेकडो सावध व्यापारी, यांत देशाला कोणाची अधिक गरज होती, हा भाग वेगळा.

ब्रिटिश कंपन्यांनी सिंदियाला चिरडण्यासाठी काय केले ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्यातील अनेक व्यापाऱ्यांना आजही अशाच रीतीच्या स्पर्धेस तोंड द्यावे लागते. रंगूनहून येणाऱ्या तांदळाची वाहतूक हा किनारी धंद्याचा मोठा भाग. लॉर्ड इंचकेप यांच्या अधिपत्याखालील कंपन्यांनी या मार्गावरील भाडे इतके उतरविले की कोणाही नव्या कंपनीने तोटाच सोसावा. दुसरे हत्यार अधिक सूक्ष्म होते. जो व्यापारी ठरावीक मुदतीत आपला सर्व माल त्यांच्याच जहाजांतून पाठवील त्याला भाड्यातील काही भाग परत मिळे, परंतु तो लगेच नव्हे, तर पुढची मुदतही त्याने एकनिष्ठ राहून काढल्यावर. एक पोते जरी सिंदियाच्या जहाजावर चढले, तरी साठलेली सर्व सूट बुडे. देशभक्ती कितीही असली तरी तांदळाचा व्यापारी बिचारा काय करणार?

अखेर १९२३ साली सिंदियाने तडजोड स्वीकारली. दहा वर्षांच्या त्या कराराने कंपनीला किनारी वाहतुकीत जागा मिळाली, परंतु तिच्या जहाजांच्या एकूण टनभारावर मर्यादा आली आणि परदेशी मार्ग व उतारू वाहतूक तिला बंद झाली. शेठजींना हा करार अपमानास्पद वाटत होता. स्वभावाला मोकळे सोडले असते तर त्यांनी तो धुडकावून लावला असता आणि कदाचित कंपनीही त्याबरोबर बुडाली असती. परंतु कंपनीचे अध्यक्ष नरोत्तम मोरारजी होते. शांत, हिशेबी आणि मुंबईच्या व्यापारी जगात वजन असलेले नरोत्तमशेठ आणि धगधगते वालचंदशेठ. फाटकांच्या वेळी जी जोडी जमली तीच येथे निराळ्या रूपात दिसते. सहकाऱ्याच्या संयमापुढे आपला संताप आवरून, न पटलेल्या करारानुसार दहा वर्षे काम करणे ही गोष्ट शेठजींच्या चरित्रातील सर्वांत कमी गाजलेली, तरीही आमच्या दृष्टीने सर्वांत कठीण गोष्ट आहे. लढणे त्यांना सोपे होते.

पुढील सहा वर्षे त्यांनी हा संताप दुसऱ्या मार्गाने वळविला. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स त्यांच्या पुढाकाराने निघाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय व्यापारी महासंघाच्या, म्हणजे फिक्कीच्या, उभारणीतही त्यांचा वाटा होता आणि १९३२-३३ मध्ये ते तिचे अध्यक्ष होते. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी यासाठी साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२८ साली विधेयक मांडले. ते संमत झाले नाही, परंतु प्रश्न देशापुढे आला. आपली अडचण ही केवळ आपली नसून ती साऱ्या देशी व्यापाराची आहे, हे ओळखून त्यांनी इतरांना बरोबर घेतले.

१९२९ साली नरोत्तमशेठांचे अपघाती निधन झाले आणि सिंदियाची धुरा वालचंदशेठजींच्या खांद्यावर आली. वय सत्तेचाळीस. लगाम धरणारा वडीलकीचा हात आता उरला नव्हता. कंपनीत एम. ए. मास्टर यांच्यासारखे अभ्यासू व्यवस्थापक होते, आणि नरोत्तमशेठांच्या स्नुषा सुमती मोरारजी तरुण वयातच कारभारात लक्ष घालू लागल्या होत्या. जहाजधंद्यासारख्या पुरुषी क्षेत्रात एका तरुण स्त्रीला कारभार शिकू देणारी ही कंपनी होती, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. सुमतीबाई पुढे भारतीय जहाजधंद्यातील अग्रगण्य व्यक्ती ठरल्या.

आता रावळगावकडे वळू. गिरणा-मोसमच्या खोऱ्यातील माळरानावर ऊस पिकवावयाचा ही कल्पना १९२० च्या दशकात वेडेपणाचीच वाटावी. मुरमाड जमीन, कोठे चोपण, कोठे खडक. ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे पीक. आज घातलेला पैसा दीड वर्षाने दिसणार, तोही पाऊस, पाणी आणि रोगराईने कृपा केली तर. शेठजींनी तेथे शेकडो एकर जमीन घेऊन, दगडधोंडे हलवून, शेतीतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ नेमून शास्त्रीय पद्धतीने लागवड केली. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशी साखर कारखान्यांना अनुकूल काळ आला. अवघ्या काही वर्षांत देशातील कारखान्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. रावळगावचा कारखाना १९३३ मध्ये सुरू झाला तेव्हा ऊस तयार होता, जमीन तयार होती आणि माणसेही तयार होती. पुढील वर्षी इंदापूर तालुक्यातील कळंब येथे दुसरा कारखाना निघाला. त्या गावाचे पुढे वालचंदनगर झाले. १९४० च्या दशकात रावळगावात गोळ्या-चॉकलेटचा व्यवसायही सुरू झाला. (ती गोड नाममुद्रा पुढे अनेक दशके कंपनीकडे राहिली आणि २०२४ मध्ये रिलायन्स समूहाच्या कंपनीने विकत घेतली.)

‘लॉयल्टी’ घेणारा मनुष्य रावळगावात दहा वर्षे जमिनीची मशागत करीत थांबला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या स्वभावात झालेला पालट दिसतो. उतावीळपणा गेला नव्हता. तो पुढे पुन्हा उफाळणारच होता. परंतु थांबणे त्यांना आता जमू लागले होते.

१९३९ साली मोटार कारखान्याच्या बोलण्यांसाठी ते अमेरिकेत गेले. परतीच्या प्रवासात विमानातच त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉली हे चीनमध्ये विमाने बांधण्याच्या व्यवसायात होते. पुन्हा प्रवास, पुन्हा अनोळखी सहप्रवासी आणि पुन्हा एका भेटीतून उभा राहिलेला उद्योग! भारतात विमाने का बांधू नयेत, या विचाराने शेठजी झपाटले. आरंभी सरकारने दाद दिली नाही. युद्धात फ्रान्स पडल्यावर मात्र विमानांची निकड सरकारला उमगली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरजवळ सुमारे सातशे एकर जमीन आणि पंचवीस लाख रुपयांचे भांडवल देऊ केले. तुलसीदास किलाचंद आणि धरमसी खटाव या भागीदारांसह शेठजींनी तितकीच रक्कम उभी केली, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. अवघ्या आठ महिन्यांत, ऑगस्ट १९४१ मध्ये, तेथे जुळणी केलेले पहिले हार्लो जातीचे शिकाऊ विमान आकाशात गेले.

इकडे विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली होती. परकीय सत्तेच्या अमदानीत, युद्ध चालू असताना, काँग्रेसच्या नेत्याच्या हस्ते कोनशिला बसविणे यात शेठजींचा बाणा दिसतो. कदाचित थोडा हट्टही. मोटारीच्या कारखान्यासाठीही त्यांची धडपड चालू होतीच, पण सरकारने त्या कामी सहकार्य केले नाही.

आणि मग १९४२ चा एप्रिल महिना उगवला. ६ एप्रिल रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि नुकत्याच आकारास येऊ लागलेल्या जहाज-कारखान्याचे काम थांबले. त्याच महिन्यात हिंदुस्थान एअरक्राफ्टमधील शेठजींचा आणि त्यांच्या भागीदारांचा हिस्सा सरकारने विकत घेऊन कारखान्याचा ताबा घेतला. जपान दाराशी आला असताना विमानांचा कारखाना खासगी हाती असू नये, हा सरकारचा युक्तिवाद. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याने सरकारच्या उदासीनतेला न जुमानता तो उभा केला, त्याच्या मनाचे काय झाले असेल? एकोणसाठाव्या वर्षी, एका महिन्याच्या आत, आयुष्यातील दोन सर्वांत मोठ्या स्वप्नांपैकी एक बॉम्बखाली सापडले आणि दुसरे कागदावरच्या सहीने हातचे गेले.

आपल्या समाजात अपरिग्रहाची चर्चा नित्य होते. अशा प्रसंगी कोणी म्हणेल की शेठजींनी आसक्ती सोडली. आम्हांस तसे वाटत नाही. सक्तीने सुटलेली वस्तू म्हणजे त्याग नव्हे, आणि तसे म्हणून या पुरुषाच्या दुःखाला सोज्ज्वळ वेष्टन घालणे योग्य होणार नाही. त्यांना दुःख झाले असणार आणि रागही आला असणार. महत्त्वाचे हे की त्या रागाच्या भरात त्यांनी उरलेले काही मोडले नाही. बंगळूरचा कारखाना त्यांच्याविना चालू राहिला. विशाखापट्टणमचे काम परिस्थिती निवळल्यावर पुन्हा हाती घेण्यात आले. आणि मोटारीचा जो प्रश्न सरकारने अडवून ठेवला होता, त्यासाठी १९४४ साली, म्हणजे या आघातानंतर दोनच वर्षांनी, त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या.

शेठजींवर टीका करणारेही होते, आणि त्यांचे सर्वच म्हणणे टाकाऊ नाही. एका वेळी फार उद्योग अंगावर घ्यावयाचे, एक पुरा रुळण्यापूर्वी दुसऱ्यात भांडवल गुंतवावयाचे, ही त्यांची रीत भागधारकांना ताण देणारी होती. ते उत्तम प्रवर्तक होते. रोजचा कारभार शांतपणे हाकणे हा त्यांचा पिंड नव्हे, आणि ज्या ज्या ठिकाणी तसा कारभार हाकणारा जोडीदार लाभला तेथे त्यांचा उद्योग टिकला. सातपूर-अंबडच्या वसाहतींत स्वतःचा कारखाना काढणाऱ्या आपल्या तरुणांनी शेठजींचे धाडस घ्यावयाचे तर फाटकांसारखा मनुष्यही शोधावा लागेल, आणि असा मनुष्य सहसा आपल्याला आवडणारे बोलत नाही.

घरच्या पातळीवर त्यांचे जीवन सोपे नव्हते. प्रथम पत्नी जिवूबाई यांच्या निधनानंतर १९१३ साली कस्तूरबाईंशी त्यांचा विवाह झाला. सतत प्रवास, सतत कज्जे, सतत बैठका यांत घरासाठी किती वेळ उरत असेल याची कल्पना करता येते. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे सावत्र बंधू त्यांनी उद्योगात बरोबर घेतले, आणि ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न अनेक कर्तबगार पुरुष शेवटपर्यंत टाळतात. शेठजींच्या बाबतीत उत्तर कामावरच तयार होत होते.

१४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमच्या कारखान्यात बांधलेली ‘जलउषा’ ही पहिली आगबोट पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. आठ हजार टनांची ही आगबोट म्हणजे १९१९ च्या त्या जुन्या जहाजापासून चाललेल्या एकोणतीस वर्षांच्या खटाटोपाचे फळ. स्वतंत्र भारताचा ध्वज होता, देशी कारखाना होता, देशी कंपनी होती. शेठजींचे वय तेव्हा पासष्ट.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. चाळीस वर्षे ज्या शरीराकडून त्यांनी आगगाड्या, आगबोटी आणि विमानांतून अखंड काम करून घेतले ते शरीर थांबले. १९५० साली ते सर्व व्यवसायांतून निवृत्त झाले, सिंदियाचे अध्यक्षपदही सोडले. एका वाऱ्यासरशी निर्णय घेणाऱ्या पुरुषाला आता आपल्या दिनक्रमासाठीही दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागत होती. कस्तूरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. जहाज-कारखाना चालविणे एकट्या कंपनीला पेलेना, तेव्हा १९५२ साली त्याचे दोनतृतीयांश भांडवल सरकारने घेतले आणि तो हिंदुस्थान शिपयार्ड झाला. शेठजींच्या हयातीतच हे दुसरे अपत्यही सरकारच्या घरी गेले. १९६१ मध्ये ते पूर्णपणे सरकारी झाले.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे शेठजींचे देहावसान झाले. उद्योगांची धुरा बंधूंनी वाहिली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास आणि सोलापूरच्या कला व विज्ञान महाविद्यालयास त्यांचे नाव लाभले. सोलापुरात वडिलांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालयही आहे. ज्या मुलाची पदवी राहून गेली त्याच्या आणि त्याच्या पित्याच्या नावाने त्या शहरात दरवर्षी विद्यार्थी पदवीधर होतात. भारत सरकारने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी बंगळूरच्या त्या जुन्या कंपनीचे एरोनॉटिक्स इंडिया या कंपनीशी विलीनीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली, आणि तिच्या नव्या कारखान्यासाठी जमीन मोजली गेली ती आपल्या ओझरला.